किती जण गातायत? एव्हर्ली बंधूंची एक केस

आमची आई गेली वीसेक वर्षं डोंबिवलीत आमच्याच सोसायटीच्या भजनी मंडळात गाते. कान एकदम तयार, कोण चढलं कोण उतरलं हे ती टाळ न थांबवता नुसत्या भुवईने सांगते. इंग्रजी गाण्यांशी मात्र तिचा संबंध शून्य. तर झालं असं की एका रविवारी मी किचनमधल्या स्पीकरवर एव्हर्ली ब्रदर्सचं 'ऑल आय हॅव टू डू इज ड्रीम' लावलं होतं, १९५८ चं गाणं, जेमतेम सव्वादोन मिनिटांचं, सुरुवातीला चेट ॲटकिन्सच्या गिटारचा तो थरथरता कॉर्ड (म्हणजे एकदम छेडलेले काही सूर) आणि लगेच आवाज. आई बिरडं सोलत बसली होती. अर्धं गाणं झाल्यावर म्हणाली, "वेगळाच आवाज आहे रे ह्याचा. कोण हा?"

मी म्हटलं, हा नाही, हे. दोघं आहेत.

"काहीतरीच. एकच माणूस आहे."

पुन्हा लावलं. पुन्हा तेच, एकच. आता ही तीच बाई आहे जी पंधरा बायकांच्या मंडळात कुणाचा घसा बसलाय ते ओळखते, आणि इथे दोन पुरुष सरळ दोन वेगळे सूर गातायत तर तिला एकच ऐकू येतोय. तेवढ्यात शेजारच्या आंटी डबा परत करायला आल्या, माहेर गोव्यातल्या कुडतरीचं, लहानपणापासून चर्चच्या क्वायरमध्ये दुसरा आवाज गायलेल्या. दारात उभ्या राहून त्यांनी पाच सेकंद ऐकलं असेल नसेल. "दोग आसात रे," म्हणाल्या, आणि खालचा सूर गुणगुणायलाच लागल्या.

आईचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग आंटींच्या गुणगुणण्यामुळे आईलाही हळूहळू दुसरा सुटा ऐकू यायला लागला. आणि तिचं पहिलं वाक्य काय, "भाऊ भाऊ आहेत ना? तरीच. प्रेम असल्याशिवाय असं जुळत नाही." आणि लगेच दुसरं, "पण मग दोघं एकाच मुलीबद्दल गातायत?"

हे दुसरं मला आयुष्यात कधी सुचलं नव्हतं. खरंच की, दोन पुरुष एका सुरात एकीच्या आठवणीने झुरतायत, शब्दांत 'मी, मी' चाललंय, आणि साठ-पासष्ट वर्षांत कुणाला त्यात विचित्र वाटल्याचं मी तरी ऐकलं नाही. कारण कान एकच माणूस मोजतो. हीच माझी केस आहे. दोन आवाज इतके मिसळले की ऐकणारा मोजायचं विसरतो, तेव्हा त्याचं नेमकं काय होतं, आणि त्याला त्या आवाजांत जी माया ऐकू येते ती खरी असते का. दुसऱ्या भागासाठी मी आईला १९७३ ची गोष्ट सांगितली, पण ती जरा पुढे.

दोघं कोण

डॉन १९३७ चा, फिल १९३९ चा. वडील आइक एव्हर्ली केंटकीतल्या कोळशाच्या खाणींच्या भागातले, अंगठ्याने बेस धरून बोटांनी सूर वाजवायच्या तिथल्या खास पद्धतीचे गिटारवादक, आई मार्गारेटही गायची. आयोवा राज्यातल्या शेननडोआ नावाच्या छोट्या गावात ह्या कुटुंबाचा रेडिओवर लाइव्ह कार्यक्रम असायचा, आणि पोरं शाळेत जायच्या वयातच त्यात गायला लागली. म्हणजे इतर मुलं पाढे म्हणत होती त्या वयात हे दोघं रोज माइकसमोर एकमेकांचा श्वास ऐकत होते. हे लक्षात ठेवा, कारण लोक ह्या मिसळणीला 'रक्ताची हार्मनी' म्हणतात (हार्मनी म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे सूर जुळवून गाणं) आणि सगळं श्रेय रक्ताला देऊन मोकळे होतात. माझ्या मते रक्तापेक्षा त्या रेडिओचं श्रेय जास्त आहे.

१९५७ मध्ये 'बाय बाय लव्ह' आलं, त्याआधी बऱ्याच गायकांनी नाकारलेलं गाणं, फेलिस आणि बूडलो ब्रायंट ह्या नवरा-बायकोने लिहिलेलं. मग 'वेक अप लिटल सूझी', मग आपलं हे 'ड्रीम', जे अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या नंबरवर गेलं. १९६० मध्ये 'कॅथीज क्लाउन', तेही दोन्हीकडे पहिलं.

रचना अगदी साधी आहे. डॉनचा आवाज खालचा, मूळ चाल बहुतेक त्याच्याकडे. फिल त्याच्या वर, तिसऱ्या सुरावर. म्हणजे डॉन सा वर असेल तर फिल ग वर, डॉन रे वर गेला की फिल म वर, असं दोघं जोडीने चालतात, आणि जिथे कॉर्डला तो तिसरा सूर चालत नाही तिथे फिल एखादी पायरी इकडेतिकडे करतो. बस. आपल्याकडे ह्या जोडीला षड्ज-गंधार भाव म्हणतात. कागदावर बघितलं तर पहिलीतल्या पोराला शिकवता येईल इतकं सोपं, आणि म्हणूनच ही केस मला आवडते, कारण जादू रचनेत नाहीये हे सरळ दिसतं. हीच रचना शंभर जोड्या गातात आणि शंभरांमध्ये दोन आवाज स्वच्छ दोन ऐकू येतात.

कान मोजतो कसा

इथे थोडं आकड्यांत जाऊ, कंटाळा आला तर पुढे जा, पण माझ्या मते खरी गंमत इथेच आहे.

समजा डॉन २२० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला २२० कंपनांवर आहे, पांढरी सहाचा सा. पेटीवर किंवा कीबोर्डवर त्याच्या वरचा शुद्ध गंधार दाबला तर तो २७७ च्या किंचित वर येतो. पण शुद्ध गणिताने, पाचास चार ह्या प्रमाणात, गंधार यायला हवा २७५ वर. फरक दोन हर्ट्झचा. एवढ्याने काय होतं? होतं असं की आवाजात मूळ सुराबरोबर त्याचे पटीतले वरचे सूरही असतात. २२० ची पाचपट ११००. २७५ ची चौपट पण ११००, म्हणजे दोघांचे वरचे सूर एकमेकांवर बरोबर बसले, सांधा दिसत नाही. पण कीबोर्डच्या गंधाराची चौपट होते ११०९ च्या आसपास, आणि मग ११०० आणि ११०९ एकमेकांशी घासतात, सेकंदाला जवळपास नऊ वेळा एक बारीक थरथर. ती थरथर आपल्याला थरथर म्हणून कळत नाही, कळतं फक्त एवढं की दोन आवाज आहेत आणि काहीतरी खरखरतंय.

आता ह्याची दुसरी बाजू. २७५ मधून २२० गेले तर उरतात ५५, आणि ५५ म्हणजे २२० च्या बरोबर दोन सप्तक खालचा सा. कानाला हे दोन सूर त्या एकाच ५५ च्या चौथ्या आणि पाचव्या पटीसारखे लागतात, एकाच मुळाच्या दोन फांद्या. मग मेंदू म्हणतो की हे एकाच ठिकाणाहून येतंय, एकच समजू. आवाज दणदणीत असतील तर काही लोकांना तो खालचा सूर अंधुक ऐकूही येतो, कुणीही गात नसताना. सार्डिनिया बेटावर कास्तेलसार्दो नावाच्या गावात ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात चार पुरुष जवळजवळ डोकी टेकवून गातात, आणि नीट जमलं की वर एक पाचवा आवाज उमटतो, बाईचा वाटेल असा. त्याला ते क्विंतिना म्हणतात आणि तो मेरीमातेचा आवाज मानतात. तो उमटला नाही तर त्या दिवशीचं गाणं लागलं नाही असं समजतात.

हे वाचून आपल्याला परकं वाटायचं काही कारण नाही. तानपुऱ्याचा खर्ज छेडा, जवारी (घोडीवर तारेखालच्या दोऱ्याने जमवलेला झंकार) नीट लागली असेल तर त्यातून गंधार आपोआप ऐकू येतो, कुठलीही तार गंधारात लावलेली नसताना. स्वयंभू गंधार. तो खर्जाच्या तारेचा पाचवा पट, म्हणजे हाच २७५ वाला शुद्ध गंधार, फक्त वरच्या सप्तकात. आईला मी हे सांगितलं तर तिला गणित शून्य कळलं पण एक वाक्य बोलली, "मग पेटीचा गंधार चढाच असतो हे आमचे बुवा सांगायचे ते हेच का?" हो, हेच. माणसाच्या गळ्याला पट्ट्या नसतात, तो घसरत घसरत नेमक्या जागी जाऊन बसू शकतो. त्या क्षणी खरखर थांबते, आणि गाणाऱ्यालाही ते छातीत कळतं.

सूर एवढ्याने भागत नाही

पण नुसता गंधार शुद्ध लागून आवाज एक होत नाहीत. आंटींचा क्वायर मी ऐकलाय, सूर पक्के असतात, तरी तुम्हाला आंटी वेगळ्या ऐकू येतात. (चांगल्या अर्थाने म्हणतोय, आंटी हे वाचतात.)

कान दोन आवाज वेगळे करायला मुख्यतः काय वापरतो तर सुरुवात. एक जण दुसऱ्यापेक्षा सेकंदाचे काही शतांश आधी सुरू झाला तरी मेंदू दोघांना दोन म्हणून नोंदवतो आणि मग ती नोंद सहजी पुसत नाही. 'ड्रीम' मध्ये पहिला शब्द नीट ऐका, चार-पाचदा मागे नेऊन. 'ड' दोघांचा एकदम पडतो. पुढे प्रत्येक ओळीच्या शेवटचं व्यंजन पण एकदमच मिटतं, दोन 'म' नाहीत, एकच.

दुसरं, स्वराचा आकार, म्हणजे आ ई ओ ह्यांचा. तोंड किती उघडलंय, जीभ कुठे आहे, ह्यावर आवाजाचा रंग ठरतो. एकाने 'आ' मोकळा केला आणि दुसऱ्याने 'ऑ' कडे झुकवला की सूर कितीही बरोबर असले तरी मिसळत नाहीत. हे दोघं एकाच घरात, एकाच बोलीत वाढलेले, केंटकीकडचा तो किंचित नाकातला ओढलेला स्वर दोघांत सारखा. डॉन एखाद्या सुरावर खालून हलकी मींड घेऊन चढतो तर फिलही त्याच वेगाने, त्याच वळणाने आपल्या सुरावर चढतो. आणि दोघंही सूर लांबवताना फारसा हलवत नाहीत, सरळ धरतात. सूर हलवायला लागलं की दोघांच्या हलण्याचा वेग कधीच सारखा नसतो आणि मग कानाला पुन्हा दोन माणसं सापडतात. आपल्याकडच्या आंदोलन-गमकात मुरलेल्या गायकांना ही हार्मनी जमवायला अवघड जाते त्याचं एक कारण हे असावं असं मला वाटतं.

तिसरं आहे जोर. फिल वर आहे, वरचा सूर कानाला आधी टोचतो, म्हणून त्याला स्वतःला सतत थोडं मागे ठेवावं लागतं. स्टेजवर हे दोघं बऱ्याचदा एकाच माइकवर तोंडं जवळ आणून गायचे, त्यात हा तोल आपोआप साधतो, कारण जो जास्त जोर लावेल तो दुसऱ्याला तिथल्या तिथे झाकेल आणि त्याला ते लगेच ऐकू येईल. हल्ली दोघांना दोन हेडफोन दोन ट्रॅक देतात आणि नंतर मिक्सिंगवाला तोल साधतो. चालतं. पण एक नाही होत.

रक्त लागतं का मग? सायमन आणि गारफंकल बघा. भाऊ नाहीत, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये एकाच शाळेत वाढलेले मित्र, एव्हर्लींच्या रेकॉर्ड ऐकून ऐकून नक्कल करत शिकले, सुरुवातीला 'टॉम अँड जेरी' नावाने १९५७ मध्ये एक गाणंही काढलं. समोरासमोर बसून एकमेकांच्या तोंडाकडे बघत उच्चार जुळवायचे. मिसळण जवळजवळ तितकीच घट्ट. म्हणजे रक्ताने घशाची ठेवण थोडीफार सारखी मिळत असेल, त्याचा फायदा आहेच, पण बाकी सगळं कमावता येतं.

आता ते प्रेमाचं

आईला मी सांगितलं की बाई गं, हे दोघं भाऊ दहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

१४ जुलै १९७३, कॅलिफोर्नियातलं नॉट्स बेरी फार्म नावाचं करमणूक पार्क, शेवटचे शो म्हणून आधीच जाहीर झालेलं. डॉन पिऊन स्टेजवर आला, शब्द चुकायला लागला, आयोजकांनी कार्यक्रम थांबवला, फिलने गिटार आपटून फोडली आणि निघून गेला. पुढचा कार्यक्रम डॉनने एकट्याने केला. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं अबोला, १९७५ मध्ये वडील गेले तेव्हा अंत्यविधीला भेटले तेवढेच. आणि हे एका दिवसात झालेलं नव्हतं, त्याआधी वर्षानुवर्षं दोघांचं आतून बिनसलेलंच होतं. स्वभाव वेगळे, राजकारण तर पार विरुद्ध टोकाचं.

मग २३ सप्टेंबर १९८३ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये दोघं पुन्हा एकत्र उभे राहिले. ते रेकॉर्डिंग उपलब्ध आहे, मी बरेचदा ऐकलंय. दोघंही चाळिशी ओलांडलेले, आवाज जरा जाड झालेले. आणि पहिल्याच गाण्यापासून ते एकदम एक! 'ड्रीम' येतं तेव्हा 'ड' एकदम पडतो, 'म' एकदम मिटतो, मींड एकाच वळणाने. प्रेक्षक वेडे झालेत ते रेकॉर्डिंगमध्ये कळतं. त्यातल्या प्रत्येकाला वाटलं असणार की भावाभावांचं मनोमीलन झालं. झालंही असेल थोडं. पण नंतरच्या मुलाखतीत डॉननेच साधारण असं सांगितलंय की आमचं सगळंच वेगळं आहे, एकत्र गातो तेवढं सोडून.

माझं ह्या केसमधलं मत एवढंच आहे, आणि ते थोडं कोरडं वाटेल. ऐकणाऱ्याला जो जिव्हाळा ऐकू येतो तो व्यंजनं एकदम पडण्यातून, स्वरांचा आकार जुळण्यातून आणि गंधार जागेवर बसण्यातून येतो. रोजच्या आयुष्यात इतक्या बारीक पातळीवर दोन माणसं एकमेकांशी जुळलेली आपण क्वचितच अनुभवतो, आईने बाळाला थोपटताना किंवा जुन्या नवरा-बायकोने एकत्र चालताना वगैरे, म्हणून मेंदू सरळ निष्कर्ष काढतो की ह्यांच्यात माया आहे. निष्कर्ष चुकीचा निघू शकतो. आपल्यावर झालेला परिणाम मात्र खोटा ठरत नाही.

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्या मंडळात माझा आवाज सगळ्यात छान कुणाशी लागतो माहितीये? बी विंगवाल्या काकूंशी." पार्किंगवरून ह्या दोघींचं गेली सहा वर्षं बोलणं नाही. गुरुवारी मात्र शेजारी शेजारी बसतात, कारण बुवांनी तसं बसवलंय. मी विचारलं गाताना राग येत नाही का? "गाताना कुठे, गाताना ऐकावं लागतं ना."

अंगावर काटा नेमका कुठे

एक छोटा प्रयोग केला. 'कॅथीज क्लाउन' लावलं. ह्यात मधली कडवी डॉन एकटा गातो, जरा बोलल्यासारखी, मोकळी, तक्रारीच्या सुरात, आणि मग मुखड्यावर फिल येऊन मिळतो. आईला काही सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा फिल परत आला तेव्हा तिचे हात थांबले. दुसऱ्यांदा पण त्याच जागी. विचारलं तर म्हणाली, "काय माहिती, इथे बरं वाटलं."

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा ह्यांनी १९९१ मध्ये संगीत ऐकणाऱ्यांना विचारलं होतं की नेमक्या कुठल्या जागी डोळ्यात पाणी येतं, कुठे शहारा येतो, तर शहाऱ्याच्या जागांमध्ये नवी किंवा अनपेक्षित हार्मनी बरेचदा सापडली. इथे अनपेक्षित तर काही नाही, मुखडा येणार हे माहीतच असतं. पण एकट्या आवाजाच्या मागे अचानक जाडी येते, खाली तो न गायलेला खर्ज भरतो, आणि तक्रार करणारा माणूस एकटा राहत नाही. मला वाटतं आई जे 'बरं वाटलं' म्हणाली ते हेच.

ह्याच गाण्याची एक आणखी चलाखी आहे. सुरुवातीच्या ओळीत वरचा आवाज एका सुरावर टिकून राहतो आणि खालचा पायऱ्या उतरत जातो. बीटल्सच्या १९६३ च्या 'प्लीज प्लीज मी' मध्ये मॅकार्टनी वर थांबतो आणि लेनन खाली उतरतो ती युक्ती इथूनच उचललेली. आणि बीटल्सपासून पुढे निम्मं जग हे ऐकत मोठं झालं. मॅकार्टनीने १९८४ मध्ये ह्या भावांना स्वतः एक गाणं लिहून दिलं, परतफेड म्हणा.

पण आईला एक आणि आंटींना दोन का

हा भाग मला अजून पुरता सुटलेला नाही, पण एक धागा आहे. बोलिव्हियातल्या जंगलात राहणारे त्सिमाने नावाचे लोक आहेत, त्यांच्या संगीतात हार्मनी जवळजवळ नाहीच, गाणं एकेकट्याने. जॉश मॅकडरमॉट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्यांना जुळणारे आणि न जुळणारे कॉर्ड ऐकवले, तर त्यांनी दोन्ही सारखेच बरे असं सांगितलं. अमेरिकेतल्या लोकांना मात्र जुळणारे स्पष्टपणे जास्त आवडले. म्हणजे खरखर कानाला कळणं वेगळं आणि ती वाईट वाटणं वेगळं, दुसऱ्यात सवयीचा भाग मोठा.

आपल्याकडचं बघा. भजनात सगळे एकच ओळ गातात, कुणी वरच्या सप्तकात कुणी खालच्या, पण ओळ एक. दोन भाऊ शास्त्रीय गातात तेव्हाही बहुतेक एकाआड एक, किंवा एकाच सुरावर. त्यामुळे आईच्या कानाला 'मिसळलेलं म्हणजे एकच सूर' हे पक्कं बसलंय. दोन वेगळे सूर आले तर तिच्या हिशोबात एक चुकतोय. इथे कुणी चुकत नव्हतं, खरखर नव्हती, म्हणून तिने एकच माणूस धरला. तर्कशुद्ध आहे एकदम! आंटींचं उलटं. दक्षिण गोव्यात साष्टीतल्या घरांमध्ये मांडो (कोंकणी गाण्यांचा एक प्रकार) दोन आवाजांत गातात, दुसरा आवाज पहिल्याशी तिसऱ्या-सहाव्या सुराच्या अंतराने चालतो, व्हायोलिन आणि घुमट हे मातीचं तालवाद्य साथीला. पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमध्ये पोरांना सुरांची लिपी शिकवायचे, आणि तिथूनच शिकलेले गोंयकार वादक पुढे मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसले. आंटी दुसरा आवाज गातच वाढल्या, त्यांचा कान आपला आवाज शोधतो. त्यांना 'एक' ऐकू येऊच शकत नाही, आणि मला वाटतं त्या थोड्या तोट्यात आहेत, कारण मिसळण्याचा तो धक्का त्यांना बसत नाही. आंटींना हे मान्य नाही. त्या म्हणतात शिवण दिसते तेव्हाच कापडाची किंमत कळते.

सवयीचा हा मुद्दा आमच्या मंडळाने गेल्या गणपतीत स्वतःवर अजमावून घेतलाय. माझ्या भाच्याने, जो कीबोर्डच्या क्लासला जातो, एका भूपातल्या अभंगाला दुसरा आवाज बसवला, तिसऱ्या सुरावर. उत्साह अफाट. झालं काय, भूपात म आणि नी वर्ज्य. सा वर ग येतो, ठीक. ग वर प, ठीक. ध वर सा, ठीक. पण रे वर म येतो आणि प वर नी येतो. पाचातल्या दोन सुरांवर दुसरा आवाज रागाबाहेर! त्यात कीबोर्डचा तो चढा गंधार. गाणाऱ्या बायका सुरात होत्या हो, एकीचीही चूक नव्हती, पण समोरच्या खुर्च्यांवर बसलेले आजोबा मंडळी एकमेकांकडे बघायला लागले आणि नंतर प्रसाद घेताना एकाने आईला हळूच विचारलं, आज कुणाचा आवाज बसला होता का. भाचा दोन दिवस जेवला नाही नीट.

त्यावर उपाय म्हणून आता तो म्हणतोय की तिसरा सूर सोडून नुसता सा आणि प धरून ठेवायचा खालून, तानपुऱ्यासारखा, माणसांच्या आवाजात. मला हे जमेल असं वाटतं. बुवांनी अजून हो म्हटलेलं नाही.

फिल एव्हर्ली ३ जानेवारी २०१४ ला गेला, डॉन २१ ऑगस्ट २०२१ ला. आमच्या घरी 'ड्रीम' आता आठवड्यातून दोनदा तरी लागतं. परवा आई भांडी लावताना ते गुणगुणत होती, शब्द नाहीतच, नुसतं आ आ. मी मोबाइलवर तानपुरा लावून तपासलं, ती वरची ओळ गात होती, फिलची. तिच्या मते तेच गाणं आहे, तीच चाल. आणि भिंतीपलीकडून आंटींच्या किचनमधून खालची ओळ येत होती, डॉनची, पण आंटींची पट्टी अर्ध्या सुराने खाली. पाच मिनिटं दोघी अशाच गात होत्या आणि मधल्या भिंतीत नुसती थरथर.